मिठाच्या पाण्यातली लुचई

दिघोरी, १४ जून

कोंब यावेत म्हणून भिजवून वजनाखाली दडपलेलं बियाण्याचं पोतं आज उघडलं. एकाही दाण्याला कोंब नाही. लुचई धानाचं हे बी सासूबाईंनी माहेराहून आणून जपलं होतं. आता ते कुठंच मिळत नाही. पोचट दाणे तरंगून यावेत म्हणून मीच ते मिठाच्या पाण्यात टाकलं. लगेच धुवायचं असतं. मी रात्रभर विसरले. रात्रभर! कशी?

"काहून नाही उगवलं वो, मास्तरीनबाई?" सासूबाईंनी विचारलं. मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला असंच म्हणतात.

सांगितलं, मी ते रात्रभर मिठाच्या पाण्यात विसरले; पेशीच्या पडद्यातून पाणी मीठ जास्त असेल तिकडं जातं. दाण्यातलंच बाहेर ओढलं गेलं.

"म्हंजे पान्यात राहून तहानेनं मेलं?"

हो म्हणाले.

संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "बीच जुनं होतं." मी दारातच उभी होते.