घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस

धाकट्या,

या देशात पूर्वी घर विकणाराच आपल्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही एजंटांचं कमिशन द्यायचा. नवा नियम आला आणि घेणाऱ्याने आपल्या एजंटाचे पैसे स्वतः द्यायचे झाले. मी कायम घेणाऱ्याच्या बाजूचा एजंट, म्हणून माझाच धंदा आधी बसला.

तू फोनवर म्हणालास, "दादा, तुझी फी डोईजड होतेय. आम्ही थेटच घेतो." तुझ्याकडून मी छदामही घेतला नसता. पण तू विचारलं नाहीस, आणि मीही फुगून "बरं" म्हणालो.

नंतर घर बघायला आलो, तर आतल्या खोलीत ओलीचा वास. कपाटामागे हात घातला, तर भिंतीचं प्लास्टर मुठीत आलं. तेवढ्यात तुझ्या बायकोने विचारलं, "भाऊजी, कसं वाटलं घर?"

"उजेड छान आहे," मी म्हणालो. कर्जावर सह्या होऊन गेल्या होत्या. आता सांगून काय होणार होतं?

विकणाऱ्याच्या एजंटाला गाठलं. तो म्हणाला, "मी विकणाऱ्याचा माणूस. घेणाऱ्यांकडून ओलीबद्दल विचारणारं कुणी नव्हतंच."

गेल्या आठवड्यात तूच म्हणालास, "दादा, ओल छतापर्यंत चढलीय. रंग मारून विकून टाक. हल्ली घेणाऱ्याबरोबर एजंट नसतोच." तुझ्या आवाजात लबाडी नव्हती, नुसता थकवा होता. मला नाही म्हणवलं नाही.

आज ते घर बघायला एक जोडपं आलं होतं, एजंटाशिवायच. जाताना ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही घेतलं असतं?"

मी "हो" म्हणालो.

तुझा,
दादा