सुभेदारांच्या उसातले नवरदेव

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार
आल्या! नेमकी आजच एसटी चुकली, पाऊण तास उशीर. दार उघडते तर पतंगाची अंडी चिकटवलेल्या, आता काळ्या पडलेल्या कार्डातून माश्या बाहेर. माशी म्हणायचं आपलं; कुळी गांधीलमाशीची, पण जीव पूर्णविरामाएवढा. जात परदेशी. पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, ते काळं पडतं, पतंग जन्मायच्या आधीच खलास. उसाच्या खोडकिड्यावर, म्हणजे पतंगाच्याच अळीवर, हाच उतारा, असं मी वर्षभर सांगत फिरतेय.

आधी नर निघाले. निघून जात नाहीत, तिथंच थांबतात. न फुटलेल्या अंड्यांवरून फिरायचं, मिशांनी चाचपायचं, दुसरा आला की त्याला ढुशी. मादीनं डोकं बाहेर काढलं की लगेच लग्न. पाच-सात सेकंदांत उरकतं. आहेर नको, रुसवेफुगवे नकोत.

हिराबाईंना मायक्रोस्कोपातून दाखवलं. (माझ्या एकमेव मदतनीस. पन्नाशीच्या, भांगलणीचं काम सोडून इथं आल्या. हात असे सफाईचे की माझी लाज निघते.)
"आगं बया! वऱ्हाड नवरीच्या दारात आदीच येऊन बसलंय की!"

१५ फेब्रु., गुरुवार
शेतकरी संघानं या दोन खोल्या वर्षाच्या बोलीवर दिल्यात. एप्रिलअखेर वर्ष भरतं. तोवर एका तरी शेतात गुण दिसायला हवा, नाहीतर कुलूप. नि मी घरी.
शेत मिळालं! वाळव्याकडचे एक रिटायर सुभेदार, दोन एकर ऊस द्यायला तयार. आधी तासभर उलटतपासणी. "भायेरची जात म्हणता. गाजरगवत बी भायेरनंच आलं. आता माझ्या बांदावर त्याचंच राज्य हाय. ह्या माशीचं काय?"
म्हटलं, ही फक्त अंडी खाते. "आज खाती वो. उद्याचं कोन सांगावं." तरी हो म्हणाले. का म्हणाले, कळलं नाही.

२० फेब्रु.
उद्या पुढची पिढी निघणार. हिराबाईंना धडा दिला: काम करते ती फक्त मादी. नर कशाच्या कामाचा नाही, बोटभर मध खातो नि हिंडतो. "सगळीकडं त्येच हाय म्हणायचं," हिराबाई. दोघी हसलो. आज मी फार शहाणी होते.

२५ फेब्रु., रविवार
कोयनानगर. इस्लामपूर–कराड–पाटण. अरुण स्टँडवर उभा, हातात माझ्यासाठी गरम भजी, तीही अर्धी खाल्लेली. लग्नाला दीड वर्ष झालं. नवरा प्रकल्पाच्या क्वार्टरमध्ये, मी उसात. संसार रविवारचा. जेवताना ताटं खणखणली. मी दारात पळाले, हा आमटी वाढून घेतोय. "बस गं, छोटा धक्का होता."
म्हणाला, "तुझ्या नरांची मजा आहे. बायकोसाठी एसटी बदलावी लागत नाही."
परतताना कराडपर्यंत एकटीच हसत होते.

४ मार्च, सोमवार
पट्ट्या लावल्या! पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानाखाली स्टेपल करायच्या. सुभेदार मागून मोजत. "तुमची पलटन निघाली म्हणा डूटीवर." हात पानांनी चिरलेत. झकास वाटतंय.

८ मार्च, शुक्रवार
उरलेली एक पट्टी काचेच्या नळीत ठेवली होती, ती फुटली. सहज मोजायला घेतली. नर. नर. नर. नराच्या मिशीवर केस असतात, मादीची मिशी टोकाला गदेसारखी. चूक व्हायची शक्यता नाही. साठ मोजल्या, साठही नर.
दुसरी नळी. तेच.

९ मार्च, शनिवार
उलगडा झाला. हिराबाईंना विचारलं, नळ्यांना काही वेगळं केलं होतं का?
"न्हाई बा. ते पैलं पैलं येत्यात, ते तेवढं पाटंच येऊन ब्रशनं झाडून काडत व्हते. तुमीच म्हणलासा न्हवं, नर नुसतं मध खात्यात? म्हणलं, रिकामटेकडी खानारी तोंडं कशाला पोसायची."

आधी भयंकर ओरडले. मग हसू फुटलं ते थांबेना. मग पुन्हा रडू. चूक माझीच. अर्धाच धडा शिकवला. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, पण त्यातून निघतात नुसते मुलगे. यांच्यात मुलीला बाप लागतो, मुलाला लागत नाही. हे सांगितल्यावर हिराबाई मटकन बसल्या. "आन् मी साऱ्यांचं बापच झाडलं की वो, म्याडम."
उद्या कोयनेला जाणार नाही. अरुणला पोस्टातून फोन केला. "सगळे मुलगेच? माझ्या आईला सांगू नकोस, अंगारा मागायला येईल."

११ मार्च, सोमवार
सुभेदारांना सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, तिथं एकच निघालं: "तुमच्या उसात मी सगळे नरच सोडलेत."
त्यांच्या मिशीतून हसू. "म्हंजे माझ्या उसात बराक केलीसा तुमी! नुस्ते जवान. फ्यामिली क्वार्टर कुठाय?"
मला वाटलं, सुटले. तेवढ्यात त्यांनी उसात नेलं. पोंगे, म्हणजे उसाचे मधले कोंब, वाळलेत, ओढला की हातात येतो नि कुजका वास. "फवारायचं औषद घरात आनून ठेवलंय. म्हैनाभर थांबतो. पर म्हैनाच."
फवारलं की किडाही मरेल नि माझ्या माश्याही. म्हणजे प्रयोग संपला.

१२ मार्च
सगळ्या नळ्या चाळल्या. शेकडो नरांत मिळून सात माद्या. सात! उशिरा निघालेला एखादा नर हिराबाईंच्या ब्रशातून वाचला असणार, देव त्याचं भलं करो. सातजणी सात नळ्यांत, प्रत्येकीसोबत वीस नर. हिराबाईंनी मध स्वतः लावला. "खा बाबांनो खा."

२१ मार्च
सातपैकी पाच नळ्यांत मुली निघाल्या. एका नळीत एकतीस मोजल्या नि पुढं मोजवेना, डोळे भरले. हिराबाई पेढे घेऊन आल्या. मुली झाल्या म्हणून पेढे, म्हणाल्या, बर्फी कशाला.

३० मार्च
बख्खळ झाल्या. उन्हाळा मात्र जीव घेतोय. खिडक्यांना ओली पोती; वीज गेली की हिराबाई पुठ्ठ्यानं वारा घालतात, मला नाही, नळ्यांना. नर आता मांडवात सन्मानानं बसतात. मी रोज बघते, कंटाळा येत नाही. हे शास्त्र की चाळा, काय माहीत.

८ एप्रिल, सोमवार
पुन्हा पट्ट्या. या वेळी लावायच्या आधी प्रत्येक कार्डाचा तुकडा फोडून तपासला. सुभेदारांनी चहा आणला. औषधाचा डबा ओट्यावरच होता, झाकण न उघडलेलं. मी बघितलं, त्यांनी मला बघताना बघितलं.

१४ एप्रिल, रविवार
अरुण इकडं आला! हिराबाईंकडं जयंतीचं जेवण. सगळी गल्ली निळ्या पताकांनी भरलेली, स्पीकर कानठळ्या बसवणारा. नव्या पांढऱ्या लुगड्यात हिराबाई ओळखू येईनात. मिरवणुकीत पुढं नाचल्या, अरुणलाही ओढला. त्याला नाचता येत नाही हे मला आज कळलं. फार फार मजा.
खीर वाढताना त्यांनी शेजारणींना सगळी गोष्ट सांगितली, ब्रशासकट. आपलीच फजिती इतक्या थाटात सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

१६ एप्रिल, मंगळवार
उसात काळी अंडी!! खोडकिड्याच्या अंड्यांचे पुंजके पानाखाली, काळे कुळकुळीत. म्हणजे आत माझ्या पोरी. नवे पोंगे वाळायचे थांबलेत असं सुभेदार म्हणतात; महिना उलटून गेला तरी औषधाचं नाव काढत नाहीत. मला अजून खात्री नाही. बांधावर बसून राहिले, उठवेना.

२२ एप्रिल, सोमवार
सुभेदार स्वतः सायकलवर आले, जेवणाच्या डब्यात उसाचं पान. काळा पुंजका. "पाटाच्या पल्याडचं हाय. तिकडं तुमी पट्टी लावली न्हाईसा."
जीव हरखला. माश्या आपल्या आपण पलीकडं गेल्या? तिकडं राहतायत?
"एवडं हुरळू नगा. संघात इचारतील, ह्या तुमच्याच कशावरनं? आपली गावठी माशी बी असतीयाच की."
बरोबर आहे. मादीवरून ते सांगताच येत नाही. परदेशी नि गावठी माद्या दिसायला सारख्या. ओळख पटते ती नरावरून, तीही त्याची स्लाइड करून पुण्याच्या तज्ज्ञाकडं पाठवली तर. सुभेदारांना सांगितलं तर ते हिराबाईंकडं बघून खो खो हसत सुटले.
पान नळीत ठेवलंय.

२४ एप्रिल, बुधवार
संघाची बैठक शुक्रवारी. पुण्याहून उत्तर तोवर येणं शक्य नाही. सुभेदार म्हणतात, मी बोलतो. काय बोलणार, विचारलं तर, "ते तितं सुचंल."

सकाळी साडेनऊला नळीत पहिले नर निघाले. चौघं. पुंजक्याभोवती फिरतायत, थांबलेत. मी चिमटा हातात घेतला तर हिराबाईंनी मनगट धरलं.
"येकच घ्या हं, म्याडम. बाकीच्यांस्नी ऱ्हाऊ द्या."
एकच घेतला. स्लाइड केली, पाकीट चिकटवलं, दुपारच्या टपालात जाईल.
सुभेदारही आलेत. आम्ही तिघं स्टुलांवर, नळी मधे. पावणेअकरा झाले. माद्या अजून निघालेल्या नाहीत.