नळकांड्याचा हार

१५ ऑक्टोबर २००७, सोमवार
मामांनी आज परत चहाचा उकळता स्टीलचा पेला मुठीत धरला आणि मला ऐकवलं, "प्रतिभा, गॅस भरला की हाताला कळतं. काट्यावर भाजी तोलतात!" एसी दुरुस्तीच्या दुकानात माझा डिजिटल काटा आल्यापासून ह्यांचं नाक मुरडलेलंच आहे. दोन वर्षं प्रत्येक साइटवर हेच नाटक — गॅस भरून एसीचा पाईप गार झाला का म्हणून आधी स्वतः धरायचा, मग मला धरायला लावायचा आणि मास्तरासारखं विचारायचं, "सांग बघू?" आयटीआयचं सर्टिफिकेट मी काय भेळ बांधायला आणलंय?

१७ ऑक्टोबर
घोटीच्या योगिनी डॉक्टरांचं काम आलं! बाळंतिणींच्या खोलीतला जुना एसी — उन्हाळ्यात गार, थंडीत गरम हवा देणारा. मशीन धड आहे, गॅस गळालाय. डॉक्टरांना जुना गॅस परत नको, नवा ४०७ नंबरचा हवाय. मामा म्हणाले, जुन्या मशीनला झेपणार नाही. मी म्हटलं, झेपवते.
पैज लागली. थंडीत गरम हवा आली तर दिवाळीनंतर साइटवर मी एकटी. नाही आली तर वर्षभर दुकानात बसून फोन घ्यायचे. बापरे!

२० ऑक्टोबर
खंडेनवमी. मामींनी मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू पाठवला, टोपलीभर. नटबोल्टचे पाने, गेज, व्हॅक्यूम पंप — सगळ्यांना हळदकुंकू. नव्या गॅसच्या नळकांड्याला मामांनी मनगटाएवढा जाड हार घातला, वर पाणीही शिंपडलं. "काम होईस्तोवर काढायचा नाही." मग सोमवारच्या कामापर्यंत रोज पाणी शिंपडत बसा!
माझ्या काट्याला मात्र कुंकवाचं बोटसुद्धा नाही. मी गुपचूप लावलं.

२२ ऑक्टोबर
घोटी. गळका जोड झाळला. जुनं तेल काढताना मामा म्हणे, "थोडं राहू दे, मशीनच्या ओळखीचं आहे." नवा गॅस ह्या तेलाशी नांदत नाही हो! शेवटचा थेंब निथळवला, नवं तेल घातलं, व्हॅक्यूम केला. नळकांडं उलटं करून हारासकट काट्यावर ठेवलं. दीड किलो गॅस मशीनमध्ये जायला हवा. तेवढं वजन काट्यावर कमी झालं की व्हॉल्व्ह बंद.
मामा डॉक्टरांकडे चहाला. मी मिनिटभर खोलीत थर्मामीटर लावायला गेले, परत येते तर दीड किलो पुरा! इतक्या लवकर? शहाणं मशीन!
मामा आले, पाईप धरला. "सांग बघू?" खरं तर बेताचाच गार लागत होता. पण काटा पुरा म्हणतोय आणि मला पैज जिंकायचीय. "गारेगार!" म्हटलं. "गारेगार," मामांनी डॉक्टरांना सांगितलं.
निघताना हार कुठे गेला म्हणून कुरकुरत होते. मला काय त्याचं!

२ नोव्हेंबर
डॉक्टरांचा फोन. थंडी पडली, गरम हवा लावून बघितली — एसी नुसता फुंकर मारतोय. मामांनी फोनकडे बोट दाखवलं. "बस इथं."
मोरीत जाऊन रडले. संताप, संताप.

३ नोव्हेंबर
हातापाया पडून मामांना परत घोटीला नेलं. गळती कुठेच नाही! हताश होऊन बाकावर बसले, तर समोर देवीच्या फोटोला ओळखीचा हार — वाळका.
भागीबाई, तिथली आया, म्हणाली, "मीच काढला की त्या दिशी, तुमी आत गेलत्या तवा. देवीला हार नाय अन् नळकांड्याला लय थाट!"
काढलेल्या ओल्या हाराचं वजन काटा बिचारा मशीनमध्ये गेलेल्या गॅसमध्ये धरून बसला! अंदाजानं चारशे ग्रॅम गॅस अजून भरला. अर्ध्या तासात एक बाळंतीण ओरडली, "खिडकी उघडा!"
"जिंकलीस," मामा म्हणाले.
पण काटा फसला तो हारामुळे. मामांचा तीस वर्षांचा हात कसा फसला? सोमवारी गंमत करते. चिडवल्याशिवाय सोडायचं नाही!

५ नोव्हेंबर
दुकानामागे उन्हात एक एसी टेस्टिंगला होता. नुसता पंखा चालू ठेवला, बाकी मशीन बंद. मामांनी पाईप धरला. "सांग बघू?" मी मुद्दाम गप्प. ते माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "गारेगार."
पाईप उन्हानं चटका बसेल इतका तापलेला.
हसायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. तो उकळता पेला! मामांच्या बोटांना काही कळत नाही. दोन वर्षं ते मला खरंच विचारत होते — आणि घोटीत मी खोटं सांगितलं.
"गारेगार, मामा," म्हटलं. दिवाळीनंतर एकटी जाणार नाही, हेही सांगून टाकलं. "का गं?" तर म्हटलं, हारावर लक्ष ठेवायला माणूस लागतं.