अदलाबदल

वन्सं,

नमस्कार नंतर, आधी तुमच्या भावाचे पाय. हृदय कमजोर झालं म्हणून डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं, तरी तुम्ही येऊन गेलात की पाय सुजतात आणि मोज्यांचे वळ उमटतात. तुमच्यासाठी मी वेगळं चमचमीत करते, तर तुमचं आपलं, "नको वहिनी, दादाच्याच ताटातलं खाते." एवढी माया कुठून उतू चालली? मला काय कळत नाही?

काल दाराआडून पाहिलंच. हे तुमच्या ताटातली भाजी मिटक्या मारत खात होते आणि तुम्ही त्यांची अळणी भाजी मुकाट्यानं संपवत होतात.

जाब विचारायला तुम्हाला दारात गाठलं. तुम्ही चपलेचा पट्टा लावायला वाकलात. पट्टा पुरेना. तुमचेही पाय तसेच सुजलेले, आणि तेवढ्या वाकण्यानं धाप लागलेली.

डॉक्टरांनी तुमचंही मीठ कधी तोडलं? आणि आमच्यापासून लपवलंत का? जाऊ दे. हे पत्र पाठवत नाही, नाहीतर तुम्ही यायच्याच बंद व्हाल.

पुढच्या वेळी तिन्ही ताटं अळणी वाढीन. मग बदला खुशाल.

तुमची संशयी
वहिनी