पास्कूकाकांची चिप

५ जाने. २००३, रवि.
सांडोरला गेलो. कॉलेजातला मित्र रॉबर्ट वारल्यापासून दुसऱ्यांदाच. त्याने वडिलांसाठी, पास्कूकाकांसाठी बनवलेलं मशीन नाताळात बंद पडलं. काकांची वाचा आणि उजवा हात लकव्यात गेला, तेव्हापासून डाव्या हाताने बटनं दाबूनच बोलायचे. पडद्यावर शब्द उमटायचा. रॉबर्टची बायको लीनावहिनी म्हणाल्या, "नाताळापासून आबा मुके बसलेत. तुम्ही कॉलेजात ह्यांच्यासोबत होता. तुम्हाला जमेल." मूळ प्रोग्रॅमची फ्लॉपी नाही, कागद नाही. चिप काढून आणली. त्यातलं सगळं माझ्या जुन्या पीसीवर चढवायचं.

७ जाने., मंगळ.
ऑफिसच्या रीडरवर चिप वाचली. कॉलेजात लिहिलेला डिसअसेंबलर चालवला. चिपमधले आकडे घेतो, त्यांचे हुकूम लिहून देतो. निम्मं बरोबर, निम्मं भलतंच. प्रोग्रॅमने मागे मारायच्या उड्या पुढे दाखवतो. ऋण आकडा धन धरला जात होता. एका ओळीत दुरुस्त.

१२ जाने., रवि.
बरीचशी चिप म्हणजे हुकूम नाहीतच. अक्षरं आहेत, रॉबर्टने ठिपक्यांनी काढलेली. डिसअसेंबलर त्यांनाही हुकूम समजून बडबडत होता. नवी सोय घातली: सांगितलेला भाग ठिपक्यांत दाखवायचा. आधी 'प' दिसला. मग 'पानी'. घरात बोलतात तसंच लिहिलंय. मग एकेका बटनाचं वाक्य: पाठ दुखते. दिवा घालव. लीना कुठे.
चहा घेतला, परत बसलो.

१५ जाने., बुध.
आणखी एक सोय. प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्याला कुठून बोलावणं येतं ते शेजारी छापायचं. एका तुकड्याला कुठूनच नाही. त्यातलं वाक्य: 'वाडी विकायची नाही.'
पूर्वी येत असणार. बोलावणाऱ्या हुकमाच्या जागी आता तीन शून्यं. भरलेल्या चिपवर एकाचं शून्य करता येतं, उलट नाही. वाक्य काढून तिथे दुसरं घालायचं तर अख्खी चिप पुसावी लागली असती. म्हणजे रॉबर्टने मागाहून, मुद्दाम...
रस्त्याकडची वाडी त्यानेच विकली होती ना?

१९ जाने., रवि.
वहिनींना सांगितलं. केळींना पाणी चालू होतं. ऐकून त्यांनी बावखलावरचा, वाडीतल्या तळ्यावरचा पंप बंद केला.
"बटन बिघडलंय म्हणून हे सांगायचे आबांना. मलाही तेच."
मग म्हणाल्या, "मागची वाडी आता मी देतेय. बिल्डरला शब्द दिलाय. एकटीने केळी होत नाहीत."
ते वाक्य पीसीवर घालू का, विचारलं.
"तुम्हाला काय वाटतं?"
म्हटलं, मी आचोळ्यात फ्लॅटमध्ये राहतो, तिथेही कोणाची तरी वाडीच असेल. त्या पंप चालू करायला गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "घाला."

२ फेब्रु., रवि.
पीसी ओटीवर लावला. काकांनी पानी मागितलं, मिळालं. उशी मागितली. मग नुसतेच बटनं बघत बसले. बिघडलेलं कुठलं, त्यांना पाठ. बोट तिथे नेलं, माझ्याकडे पाहिलं.
"चालतं आता, काका."
दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं.
वहिनी आतून, "काय मागतात?"
"या, वाचा."
हात पुसत आल्या. वाचलं. खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसल्या. काकांनी बोट उचललं नव्हतं. तेच वाक्य खाली खाली उमटत होतं. वहिनींनी पडदा भरेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं.
"आबा," म्हणाल्या, "आता माझं ऐका."
मी चपला घातल्या.