तुमच्या पणतीला मी मैदानाबाहेर काढलं

आबा, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. मला धड लिहिता येऊ नये याची सोय तुम्हीच करून ठेवली होती. चौथीतून मला उठवून आणलंत ते दादाला सांभाळायला, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माझ्याकडे बघू नका. जन्मभर तुम्हाला अहो-जाहो केलं, आत्ताही तेच करते आहे. त्यात मान वगैरे काही नाही, जिभेला वळण पडलंय एवढंच. नवरा गेल्यापासून मी ब्रिस्टलला लेकाकडे असते. बाहेर सकाळपासून भुरभुर पाऊस आहे, स्वयंपाकघरात टेबल आहे आणि घरात गेला आठवडाभर माझ्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे लिहायला निवांतपणा आहे.

माझी नात, म्हणजे तुमची पणती, पंधराची आहे आणि रग्बी खेळते. तुम्हाला कळेल असं सांगते. चेंडू अंड्यासारखा असतो. तो जिच्या हातात असेल तिच्या कमरेला नाहीतर मांड्यांना मिठी मारायची आणि तिला धावत्या पायावर आडवी करायची. याला टॅकल म्हणतात. दातांत रबर घालतात, डोक्याला काही नाही. म्हणजे कुस्तीच, पण बूट घालून, पंधरा-पंधरा जणींनी, चिखलात. हो, जणींनी. तुमच्या तालमीच्या उंबऱ्यात बाईची सावली पडली तर तुम्ही गोमूत्र शिंपडत होता ना? आता तुमच्या पणतीच्या मांड्या बघा. इंग्लंडनं या खेळात जग जिंकलं तेव्हापासून इथल्या पोरींनाही त्याचं वेड लागलंय. दर रविवारी सकाळी लेक मला गाडीत घालून मैदानावर नेतो, घडीची खुर्ची मांडतो, मांडीवर ब्लँकेट टाकतो, आणि मी थर्मासमधला चहा पीत गोऱ्यांची पोरं चिखलात लोळताना बघते.

दोन आठवड्यांमागं आमच्या पोरीनं एकीच्या पायात सूर मारला आणि तिचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. आवाज माझ्यापर्यंत आला. पोरगी पडून राहिली. एक माणूस बादली घेऊन धावला, गार पाण्याचा स्पंज मानेवर फिरवला, पोरगी उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चेंडू तिच्या हातात आला, आणि तिनं तो शांतपणे समोरच्या टीममधल्या पोरीला नेऊन दिला. प्रसादाचा नारळ द्यावा तसा, दोन्ही हातांनी. मैदान हसलं. माझा लेकही पोट धरून हसला. मी मात्र हातातला चहा सांडला, कारण हे मी आधी बघितलेलं होतं.

तुम्हाला आठवत नसेल. मी दुधाची किटली घेऊन तालमीच्या मागच्या खिडकीशी उभी आहे. आत कुस्तीच्या हौद्यात लाल माती, तुम्ही स्वतःच्या हातानं तिच्यात हळद, तेल आणि ताक कालवलेलं, तो आंबूस वास माझ्या नाकात अजून आहे. दादा त्याच्या दुप्पट गड्याशी झोंबतोय, कारण तुम्ही म्हणालात, वस्तादाच्या पोरानं बरोबरीच्याशी खेळणं म्हणजे लाज. गडी त्याला उचलतो आणि दादाचं डोकं हौद्याच्या दगडी काठावर येतं. तो उठतो. भिंतीवरच्या मारुतीला नमस्कार करायचा सोडून कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणाला नमस्कार करतो, वाकून, हात जोडून. सगळे पैलवान हसतात. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसता.

नंतर तुम्ही काय केलंत? उष्णता डोक्यात चढली म्हणालात आणि त्याला त्याच मातीत गळ्यापर्यंत पुरून ठेवलंत. अंग दुखलं की पैलवान तसं करतात, मला माहीत आहे, आणि अंगाला ते बरंही असेल. डोकं तर बाहेरच राहिलं होतं आबा. त्याला पाजलेली थंडाई त्यानं ओकून टाकली. मला तो आत्या म्हणायला लागला. पायरी चुकायला लागला. आणि तुम्ही, पंचक्रोशीतले मोठे वस्ताद, तुमच्या डोक्यात एकच आलं, पोरगं भ्यालं. "भीती अंगात शिरलीय याच्या. भीतीवर औषध एकच, पुढची कुस्ती." आई ताट वाढताना एवढंच म्हणाली होती, "या जत्रेला राहू दे त्याला." तुम्ही ताटाला लाथ मारलीत. आमटीचा ओघळ दिवाळीला चुना लागेपर्यंत भिंतीवर होता. त्यानंतर आईनं कुठल्याच गोष्टीला 'राहू दे' म्हटलं नाही.

जत्रेत दादा पाठीवर पडला, आणि पुन्हा धड असा उठलाच नाही. वर्षानुवर्षं ओसरीवर बसून होता. आई भरवायची, मी धुवायची. नाडीची गाठ त्याला जमत नव्हती, ती मी मारायची. माझ्या बरोबरीच्या पोरी सातवी झाल्या, मी दादाची लाळ पुसायला शिकले. तुम्ही दुसऱ्याचं पोर तालमीत घेतलंत, त्यानं गदा आणली, त्याच्या मिरवणुकीत तुम्ही फेटा बांधून पुढं. मिरवणूक आपल्या दारावरून गेली तेव्हा तुम्ही ओसरीकडं मान वळवली नाहीत. लोकांना सांगायचात, नजर लागली पोराला. दादा गेला तेव्हा तुम्ही तालमीत होता. तुम्ही गेलात ते म्हातारे होऊन, पोटभर जेवून, झोपेत. ते मला अजून पटलेलं नाही.

तर आमची पोरगी. गाडीत ओकली. लेक म्हणाला, "मॅचआधी एवढा ज्यूस कशाला प्यायचा?" दुसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि मला विचारते, "आजी, आज मॅच आहे ना?" मी म्हटलं, काल झाली की गं. पोळी खाल्ली आणि परत तेच. उजेड नको म्हणून पडदे ओढून बसायला लागली. "माझा डोका थोडा दुखते, आजी. डोंट वरी." डॉक्टरीणबाईनं डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, मेंदूला हिसका बसलाय, विश्रांती, आणि मी सांगेपर्यंत खेळणं बंद. इथं एक पद्धत आहे, साधेपणानं सांगतात, कुणावर ओरडत नाहीत. म्हणून कुणी ऐकतही नाही.

कारण पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या टीमसाठी पोरी निवडायला माणसं येणार होती. जेवताना लेक म्हणाला, "कोचला आत्ताच काही सांगायला नको. एकच तर मॅच आहे. नंतर रेस्ट घेईल."

मी म्हटलं, "एकच तर कुस्ती होती."

"आई, प्लीज. ही कुस्ती नाही. प्रॉपर क्लब आहे, ट्रेन्ड माणसं आहेत."

"ट्रेन्ड माणसांना सांगत का नाहीस मग?"

"तुला कळत नाही गं. मी या देशात आलो तेव्हा कँटीनमध्ये किती दिवस एकटा जेवलोय, तुला माहितीये? विमानाचे पंख बनवतो मी, पण सोमवारी सकाळी मॅचच्या गप्पा सुरू झाल्या की मी कॉफी मशीनशी. हिचं तसं नाहीये. हिला घ्यायला मैत्रिणी दारात येतात. नावानं हाका मारतात. हे मी तिच्याकडून काढून घेऊ?"

सुनेनं मान खाली घालून भात कालवला. "तिचं मन मोडेल, आई," एवढंच म्हणाली.

"मन मोडलं तर सांधेल," मी म्हटलं. "डोकं मी एक धुऊन, पुसून, भरवून बघितलंय. दुसरं बघणार नाही."

लेकानं ताट सरकवलं. लाथ नाही मारली, इंग्लंडात राहतो ना. नुसतं सरकवलं आणि उठून गेला. पण आबा, पाठ तुमची होती. माझ्या पोटचा, माझ्या दुधावर वाढलेला, आणि पाठ तुमची.

खोटं कशाला बोलू, पोरीसारखीच माझीही त्या रविवारी झोप उडाली होती, पण काळजीनं नाही. इतक्या वर्षांनी तुम्ही माझ्या हाती लागला होता. मैदानावर पोरी ओळीनं उभ्या होत्या, निवडणारे वह्या घेऊन कडेला, सगळे आईबाप छत्र्या धरून. लेकानं मला खुर्ची मांडून दिली, ब्लँकेट टाकलं. मी ब्लँकेट बाजूला केलं, साडीचा काष्ट्यासारखा बोंगा केला, स्वेटरची बटणं लावली आणि पांढऱ्या रेघेच्या आत चालायला लागले. मागून लेक, "आई! आई, अगं कुठं? आई, यू कान्ट..." मी त्यांच्या कोचपाशी गेले. धिप्पाड बाई आहे, गळ्यात शिट्टी. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत नाही, मलाही फारसं माहीत नाही, पण लागेल तेवढं होतं. आधी पोरीकडं, मग लेकाकडं बोट केलं आणि म्हटलं, "शी सिक. व्हॉमिट. डॉक्टर से नो. फादर से, टेल नोबडी."

कोचबाई चिखलात गुडघ्यावर बसली, पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून काही विचारलं, पोरीनं उत्तर द्यायला उशीर केला. "यू आर ऑफ, डार्लिंग," बाई म्हणाली. मग उठून माझ्या लेकाकडं नुसतं बघितलं. सगळ्या आयाबापांनी बघितलं. ज्यांच्यात बसायला मिळावं म्हणून तो एवढी वर्षं धडपडला, त्या सगळ्यांनी. त्याची मान खाली गेली. मला दया यायला हवी होती ना? मला तिथं तुमची मान दिसली, फेट्यासकट, आणि मला इतकं बरं वाटलं की चालत खुर्चीपर्यंत आले ते मला कळलंही नाही. चहा ओतला, दोन कप प्यायले.

गाडीत पोरगी फुटली. "बाबांनी नाही सांगितलं! मी सांगितलं बाबांना! मीच म्हटलं, कोचला सांगू नको, मी रडली, मी बेग केलं त्यांना! तू कोण आहे आजी? तू रुइन केलं सगळं!"

लेकानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मग आरसाच वर वळवून टाकला.

आता हे तुमच्या कामाचं आहे, म्हणून लिहिते. जत्रेच्या सकाळी तालमीमागं दादानं तुमचे पाय धरले होते. मी बघितलं. लांब होते, ऐकू आलं नाही. आजवर मी धरून चालले होते की तो म्हणत होता, आबा, मला सोडा, मला लढवू नका. त्यावर मी तुमचा द्वेष पोसला, तुमचं श्राद्ध केलं नाही, तुमच्या नावाचा घास कधी काढला नाही. आणि गाडीत ती पोरगी ओरडली, मीच सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आलं, दादा पाय धरून म्हणत असेल का, आबा, मला लढू द्या? आई नको म्हणते, पण मला लढू द्या? तुमचाच पोरगा तो. म्हणालाही असेल.

तुम्ही खूश होऊ नका. आठवडाभर मी याच टेबलाशी बसून हे उलटसुलट करून बघितलं आहे. समजा म्हणाला. पंधराचं पोरगं काय म्हणणार? त्या वयात मी विहिरीवरून उडी मारू का विचारत होते. पोरांनी पाय धरावेत आणि बापानं नाही म्हणावं, बाप त्याच्यासाठीच असतो. नुसतं दूध-खुराक काय, म्हैसही देते. तेव्हा तुमचा हिशोब मी मिटवलेला नाही. माझ्याकडून तो मिटणारही नाही.

काल लेक पहिल्यांदा बोलला. भांडी पुसत होता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "डॉक्टरचं क्लिअर झालं की तिला परत खेळवायचं का नाही, ते आता तूच ठरव. मी नाही ठरवणार. सगळ्यांसमोर तू ठरवलंस ना? मग पुढचंही तूच." सूड म्हणून बोलला, मला कळतं. माझंच रक्त. मी म्हटलं, "ठरवीन की. घाबरते काय?"

हे पत्र मी तालमीत पाठवणार होते. तिथं अजून तुमचा फोटो आहे, पुण्यतिथीला हार घालतात, नवी पोरं पाया पडतात. चुलतभावाच्या नातवाला सांगणार होते, त्या दिवशी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाच. रांजणाच्या नमस्कारासकट. लिहायला बसले ते तेवढ्याचसाठी. पण ते पुरं लिहायचं तर शेवटची गोष्टही लिहावी लागेल, आणि ती तुमच्या फोटोपुढं वाचली जावी असं मला वाटत नाही. डॉक्टरीणबाईनं हो म्हटलं की मी पोरीला हो म्हणणार आहे. ती खाली वाकून खांदा घालते आणि तिच्या दीडपट पोरीला उचलून मागं टाकते, तेव्हा मला चहाचं भान राहत नाही. तो खांदा हुबेहूब तुमचा आहे, आबा. हे तुम्हाला कळलं तर तुम्ही मिशीत हसाल. म्हणून पाठवत नाही.