डावा पाय खाली

सोमवार, नऊ मार्च

प्रिय बारके,

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे आहेत. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू "मस्त!" म्हणणार आणि हे पत्र वाचून दाखवणारी तुझी लेक कपाळाला आठ्या घालणार.

हो, मास्तरीणबाई, तुझ्याबद्दलच लिहिलंय. आईला वाचून दाखवायचं काम तुझ्याकडे आलंय, तर वर्गात धडा वाचतेस तसं खणखणीत वाच. मधलं काही गाळायचं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवलीय मी. कोण कुठे श्वास अडवतं ते तारेवरून ओळखायची.

बारके, तुझं पत्र पोचलं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, पण वाचता आलं. "ताई, नजरेत मधोमध डाग पडलाय, पण कडा अजून दिसतात. त्या जायच्या आत एकदा मला आपला डोंगराचा वळसा घालून आण." एवढंच लिहिलंयस, आणि मग पानभर शेजारणीच्या मांजराविषयी. विचारण्याची तुझी ही जुनीच तऱ्हा. उत्तर द्यायला उशीर झाला. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. उत्तर देते, पण आधी माझं ऐकून घे.

आमच्या डोंगर मंडळाच्या चिटणिसाने काय केलं माहीत आहे? यंदाच्या सहलीत माझं नाव परस्पर खालच्या वाटेच्या गटात घातलं. खालची वाट म्हणजे सपाट रस्ता, दर वळणावर बाक आणि शेवटी चहा. मी विचारलं, हा शोध कुणी लावला? तर म्हणतो, "काकू, तुमच्या वयाला डोंगराची धार झेपणार नाही. आम्हाला तुमची काळजी आहे."

"माझी काळजी करायला मी अजून जिवंत आहे," म्हटलं, आणि आपटायला दार नव्हतं म्हणून खुर्ची आपटली.

काल रविवारी सगळे खालच्या वाटेने गेले. मी पहाटेच्या बसने डोंगराच्या पायथ्याशी उतरले. एकटी. आता मास्तरीणबाईंनी वाचन थांबवलं असेल. थांबू नकोस, वाच. पत्र लिहितेय म्हणजे परत आले, एवढं गणित तुला येतंच.

डोंगराची डावीकडची सोंड आपण ठेवली होती तिथेच आहे. खालचं झाडीतलं वळण तसंच ओलं, पायाखाली पाचोळा तसाच मऊ, चालताना आपण कुणाच्या तरी गादीवर बूट घालून फिरतोय असं वाटायला लावणारा. झाडी संपली आणि धुकं आलं. आधी पुढचा माथा गेला, मग धार गेली, मग हात लांब केला तर बोटांची टोकं जरा पुसट. आवाजसुद्धा पुसले गेले. माझेच बूट मला शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे ऐकू येत होते.

परतावं असा विचार आला. शहाण्या बाईने परतावं. पण तुला म्हणून सांगते, भीती वाटली नाही. झोपेत आपण आपल्या जुन्या घरातून फिरतो, कुठे उंबरा आहे ते पायाला ठाऊक असतं, तसं चाललं होतं. हात टेकायचा, कातळ गार लागायचा, पाय पुढे सरकायचा. तो मोठा कुबड्या दगड लागला तेव्हा मी त्याला थोपटलं. त्याच्या पोटातली ती खाच, जिथे आपण दोघी पाठ लावून बसायचो, हाताला लागली. बसले. उरलेल्या जागेत पिशवी ठेवली. नंतर उचलून मांडीवर घेतली. जागा रिकामी ठेवावीशी वाटली, का ते विचारू नकोस.

मग आली खिंड.

मास्तरीणबाई, तू तिथे कधी आली नाहीस, म्हणून तुझ्यासाठी. धार मधेच तुटते. दीड माणूस उंचीचा सरळ कातळ उतरायचा, खाली ओट्याएवढी सपाटी, मग परत चढ. दोन्ही बाजूंना काही नाही. उतरताना तोंड कातळाकडे, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते उतरणारीला दिसतच नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या भूमितीच्या सिस्टर झगा कमरेला खोचून मुलींना इथे आणायच्या. त्यांचा नियम एकच. आधी उतरली असेल तिने खालून बोलायचं. वर असेल तिने गप्प राहायचं आणि पाय ठरला की फक्त "लागला" म्हणायचं. वाद घालायचा नाही. वर्गात मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, तिथे एकदाही घातला नाही.

कारण पहिली उतरायची ती तू. नेहमी. तुझा बारीक आवाज खालून यायचा, "ताई, डावा पाय खाली. अजून. अजून जरा आत. हं." आणि मी तुझ्या आवाजावर उतरायची. घरातून पहिली बाहेर पडलीस तूच. लग्न आधी तुझं. आई गेली तेव्हा तिच्या खोलीत पहिलं पाऊल तू टाकलंस आणि आतून म्हणालीस, "ये ताई, काही नाही." मी थोरली फक्त शाळेच्या दाखल्यावर.

काल खाली कुणी नव्हतं. कातळावर पोट टेकून मी बराच वेळ तशीच राहिले. चिटणीस आठवला, पण त्याच्यावरच्या रागाने पाय हलेना. एरवी माझा राग मला कुठेही पोचवतो, तिथे उपयोगी पडला नाही. शेवटी पाय खाली सोडला, चाचपडत राहिले, खोबण नखाएवढी लागली, ती सोडली, दुसरी शोधली. तोंडाने काही बोलले का आठवत नाही. एकदम सपाटी आली. उतरले बारके! पहिली उतरले!

आणि मग जे केलं ते वाचून दोघी हसाल. त्या ओट्यावर उभी राहिले, वर पाहिलं. धुकं होतं फक्त. म्हटलं, बघू तर खरं, माझा आवाज लागतो का. आणि वरच्या धुक्याला मोठ्याने सांगायला लागले. "डावा पाय खाली. अजून. अजून जरा आत. घाबरू नकोस, मी आहे."

वरून आवाज आला, "लागला!"

आवाज पुरुषाचा होता, घोगरा, आणि तू कितीही बदललीस तरी एवढी नाहीस. धुक्यातून पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आला, त्याखाली बूट, मी सांगितलेल्या खोबणीत अचूक. आता माघार कशी घेणार? "उजवा," म्हटलं. "गुडघा वळव. खाली बघू नको." पायामागून पाय उतरला आणि एक भला जाडजूड माणूस ओट्यावर आला, घामाने निथळत.

"देवासारख्या भेटलात," म्हणाला. "आत्ताच कातळापाशी पोचलो आणि वरच अडकलो. पाय कुठे ठेवायचा तेच दिसेना. बरं झालं तुम्ही सांगायला लागलात."

"मी तुम्हाला सांगत नव्हते."

"मग कुणाला?"

"बहिणीला."

त्याने बिचाऱ्याने मागे वळून पाहिलं. "कुठे आहेत त्या?"

"घरी."

तो जरा सरकून उभा राहिला. सरकायला फारशी जागा नव्हती म्हणून बरं. बेकरीवाला निघाला. पिशवीतून गोड पाव काढून अर्धा मला दिला. मग बरोबरच चढलो.

माथ्याच्या अलीकडे धुकं खाली बसलं. काय दिसलं ते लिहिणार नव्हते. तुझ्यासमोर दिसण्याच्या गोष्टी काढायच्या नाहीत, आईला त्रास होतो, अशी मास्तरीणबाईंची ताकीद आहे मला. मी लिहिते. धार ढगांतून वर आली होती, पोहणाऱ्या जनावराच्या पाठीसारखी, आणि ऊन पाठीमागून पडून माझी सावली खालच्या ढगावर गेली होती. प्रचंड. डोक्याभोवती रंगीत कडं. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, "तुला? प्रभामंडळ? काहीतरी चूक झाली असणार." मी हात हलवला, तिने हलवला. मी सरकून शेजारी जागा केली. तिनेही केली.

आता उत्तर.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मास्तरीणबाईंचा फोन आला होता, तुझ्या नकळत. "मावशी, तू नाही म्हण. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकेल." आणि मी तिला शब्द दिला. ताबडतोब दिला. तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. मला सुटका हवी होती. तू वळसा मागितलास आणि मला पहिल्यांदा दिसली ती खिंड. या खेपेला खाली आधी कोण उतरणार ते उघड होतं, आणि मला ते नको होतं. डोळे तुझे चाललेत, घाबरले मी. एवढं होतं. पोरीला पुढे करून मी मागे लपले.

मास्तरीणबाई, दिलेला शब्द मी मोडतेय, आणि तो तुझ्याच तोंडून मोडवून घेतेय. रागाव हवं तर. पण रागावण्याआधी ऐक. काल अर्धी धार मी न बघता चालले. खिंडीत तर डोळस माणसालाही दिसत नाही, विचार त्या बेकरीवाल्याला. तरी तुझी भीती खोटी नाही. म्हणून दोर आणू, आणि दोर धरून वर तू राहायचंस. तुझ्या हाताइतकी घट्ट पकड तुझ्या आईला दुसऱ्या कुणाची मिळणार नाही. आकाश स्वच्छ असेल त्याच दिवशी जायचं. तुला वाटलं परतू या, तर निमूट परतायचं. वाद नाही. नियम तो नियम.

बारके, तोवर रोज घरचा जिना उलटी उतर, कठड्याला हात लावून. हसू नकोस. आणि धारेवर तुझ्या कडांना जे दिसेल ते दिसू दे, मधलं मी सांगत जाईन. खूप बोलते असा माझा लौकिक आहेच, जरा सत्कारणी लागेल.

एक मात्र कबूल कर. पाय ठरला की लगेच "लागला" म्हणायचं. गंमत म्हणूनसुद्धा मला थांबवून ठेवायचं नाही.

डावा पाय खाली. अजून. मी खाली उभी आहे.

तुझी थोरली,
ताई